प्रमुख पाहुण्याच्या पाच गोळ्या

नंदनवन वस्तीत राहणाऱ्या प्रज्वलला नवव्या वर्षी मांडीच्या हाडाचा कॅन्सर झाला आणि अकराव्या वर्षी तो अधिकृतपणे बरा झाला. तसा शिक्का फाइलवर आहे. पायात घातलेली सळई त्या शिक्क्याला जुमानत नाही, हा तिचा आगाऊपणा. त्या दुखण्यावर एका डॉक्टरांनी अफूच्या जातीची गोळी लिहून दिली. पंधरा वर्षांत रोजच्या एकीच्या चार झाल्या. प्रज्वल स्वतःला निर्व्यसनी समजत असे, सुपारीसुद्धा खात नसे. फक्त पाकीट संपत आलं की त्याला दरदरून घाम फुटे.

एका सकाळी हात पाचवीकडे गेला आणि तो घाबरला. गोळ्या सोडवा म्हणून रुग्णालयात गेला, तर तिथे कळलं की फाइल बंद आहे आणि बऱ्या झालेल्या माणसाची वेदना नोंदवता येत नाही. मग तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथल्या कारकुनानं, देवरावबाबूंनी, फॉर्म पुढ्यात ओढला.

"दारू, गांजा का खर्रा?"

"गोळी. डॉक्टरनं लिहून देल्ली."

"मंग ते औषध झालं गा. त्याचा रकाना नाही." देवरावांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात नेला. "खर्रा लिहू का? नंबर लवकर लागते."

"मी खर्रा खात नाही."

"काहून?"

एवढ्यात त्यांची नजर 'पूर्वीचे आजार' या रकान्यावर गेली आणि ते उभेच राहिले. "कॅन्सरले हरवलं तुम्ही? शनिवारी आमचा व्यसनमुक्ती मेळावा आहे. प्रमुख पाहुणा भेटून नाही राहिला. शाल-श्रीफळ देऊ."

प्रज्वल नाही म्हणणार होता. पण शालीचं नाव काढलं की तो विरघळे. घरी सत्कारांच्या अशा अकरा शाली होत्या. मंचावर लंगडणं बरं दिसणार नाही म्हणून शनिवारी त्यानं पाचवी गोळी घेतली.

माइक हातात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. "मी आत्ता पाच गोळ्या खाऊन उभा आहो," तो म्हणाला. "मले त्या सोडता येऊन नाही राहिल्या. कोणी मदत करा."

सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकांनी पाहुण्यांच्या विनयाचं कौतुक केलं.

खाली उतरताच त्याच्याभोवती रांग लागली. प्रज्वलचे डोळे भरून आले. सर्वांत पुढे असलेले निवृत्त मास्तर चंपतराव त्याच्या कानाशी वाकले.

"पाचात एवढा वेळ उभं राहता येते? माह्या गुडघ्यासाठी नाव सांग ना गा."

मागच्यांनी लिहून घ्यायला मोबाइल काढले. शेवटी देवराव होते.

गोळीचं नाव या गोष्टीत मुद्दाम दिलेलं नाही. वाचताना तुम्ही ते शोधलं असेल, तर देवरावांच्या मागे उभे राहा.