साळूमावशीचा काटा आणि भुरक्याची शिंगं

एका जंगलात खुरकूत, म्हणजे खुरं सडवणारी साथ, यायची होती. अजून ती ओढ्यापलीकडेच होती. पण ओढा आटला की पलीकडचे आजारी कळप अलीकडच्या पाणवठ्यावर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून साळूमावशी टोचायला बसली. आपल्याच काट्याच्या टोकाला औषध लावायची आणि टोचायची. म्हातारी सांबरं आली, लेकुरवाळ्या आल्या. तरणी पोरं काही फिरकेनात.

झालं होतं असं, की गेल्या उन्हाळ्यात एका तरण्या सांबराने टोचून घेतलं आणि महिन्याभरात त्याची शिंगं गळून पडली. टिटवीने ते सगळ्या पाणवठ्यांवर ओरडून सांगितलं. टिटवी खोटं बोलत नव्हती, मुलांनो. शिंगं गळालीच होती.

मग साळूमावशीने शहाणी माणसं करतात ते सगळं केलं. "अडाणी कुठले," म्हणून पोरांना झापलं. पोरं आणखी लांब गेली. हत्तीचं भाषण ठेवलं. पोरं झोपली. शेवटी वाघाचं फर्मान आणलं: टोचून न घेणाऱ्याला खाऊन टाकण्यात येईल.

"टोचून घेतलं तरी खाणारच की," पोरं म्हणाली.

मावशीने फर्मान गुंडाळून ठेवलं.

ओढ्यात खुरापुरतं पाणी उरलं. खुरं सडून बसलेला कळप मावशीने पूर्वी पाहिला होता. बसलेलं सांबर पुन्हा उठत नाही. ती भुरक्या नावाच्या तरण्या सांबराकडे गेली. सगळी पोरं त्याच्या मागे असत, आणि तो पाण्यात आपली शिंगं बघत असे.

"भुरक्या, भीती कसली वाटते रे तुला?"

"भीती नाही वाटत."

"बरं. मग काय वाटतं?"

भुरक्याने पाण्यातल्या शिंगांकडे पाहिलं. "पहिलीच आहेत, मावशी. गेली तर मला कोण विचारणार?"

"जातील ती."

भुरक्याने मान वर केली.

"टोचलं तरी जातील, नाही टोचलं तरी जातील. पावसाळ्यात पुन्हा येतील, याहून मोठी. तुझ्या बापाची दरसाल गळतात."

"आबांची? काहीतरीच. आबा उन्हाळ्यात हवापालटाला जातात, करवंदीच्या जाळीत."

"चल, बघू कसली हवा आहे तिथे."

जाळीत आबा बसले होते. डोकं साफ. शेजारी कळपातले सगळे मानकरी, तेही तसेच.

"आबा, मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून मान राहतो का?" आबा म्हणाले. "बाहेर बोलू नकोस."

"आणि टोचून घेतलंत?"

"पहिल्याच दिवशी. मरायचंय की काय मला?"

भुरक्याने मावशीपुढे पाय केला. "आता खरं काय ते सांग."

"दुखेल. अंग तापेल. उद्या लंगडशील."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो लंगडत पोरांकडे गेला आणि सगळं सांगून आला. आबांचंसुद्धा. उन्हं कलायच्या आत मावशीपुढे रांग लागली.

ओढा आटला. पलीकडचे कळप आले. अलीकडचं एकही सांबर खाली बसलं नाही.

मानकऱ्यांनी मात्र सभा घेतली. मावशीने कळपाची अब्रू घालवली, असं ठरलं. पुढच्या साथीला हत्तीचं भाषण आणखी लांबवावं, असंही ठरलं.

तात्पर्य: मुलांनो, तरुणांची शंका कधी ऐकून घेऊ नये. ऐकली की ते जवळ येतात, जवळ आले की टोचून घेतात, आणि मग 'आजकालची पिढी वाया गेली' असं आपण म्हणायचं तरी कुणाला?