खूण नसलेले झगे

लाँड्रीवाल्याच्या दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला खूण व्हायची. आतल्या शिवणीवर लाल दोऱ्याचे टाके. डॉक्टरांचे तीन, शाळेतल्या बाईंचे पाच, सासऱ्यांचा एकच, तोही बायकोच्या आग्रहाखातर. फक्त कॉन्व्हेंटमधल्या बारा सिस्टरांच्या पायघोळ झग्यांना त्याने कधी टाका घातला नाही. "देवाच्या माणसांच्या कपड्यांना कसल्या खुणा करायच्या? आणि असले झगे गावात दुसरं घालतंय कोण?" असं तो म्हणायचा. बावीस वर्षं त्याचं म्हणणं खरं ठरलं. एकाचा कपडा दुसऱ्याच्या घरी गेला नाही, आणि ही गोष्ट तो कुणी न विचारताही सांगत असे.

मग गावात सिनेमावाले आले. सिनेमा विनोदी होता, गाणाऱ्या-नाचणाऱ्या नन्सचा. त्यांच्या कपडेपटवाल्याने बारा झगे धुवायला आणून टाकले आणि बजावलं, "भाड्याचे आहेत. दोराबिरा काही घालू नका."

त्याने घातला नाही. चोवीस झगे गच्चीवर एकाच दिवशी वाळत पडले.

"अहो, निदान चिमटे तरी वेगळ्या रंगाचे लावा," बायको म्हणाली.

"माझ्या हाताला कळतं."

संध्याकाळी त्याने बारा-बारांचे दोन गठ्ठे दोन्हीकडे पोचते केले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कपडेपटवाला घामाघूम होऊन दुकानात शिरला आणि त्याने गठ्ठा टेबलावर आपटला.

"मालक, हे कुणाचे झगे दिलेत मला? मागे अठरा बटणं आहेत. अठरा! आमच्या नाचणारीने झटका दिला, तर झगा तसाच राहिला आणि ती आडवी झाली."

"तुमच्या झग्यांना बटणं नव्हती?"

"नाटकातली चिकटपट्टी होती हो, वेल्क्रोची. गळ्यापासून कमरेपर्यंत. गाण्यात हात वर केले की टर्रकन सुटते आणि झगा खाली पडतो."

लाँड्रीवाल्याने पाठीवरची झाकणपट्टी उचलून पाहिली. इतकी वर्षं ती न उचलताच तो इस्त्री फिरवत आला होता. खाली अठरा काळी बटणं एका रांगेत उभी होती.

"हात वर केले की?" त्याने पुन्हा विचारलं.

"दोन्ही."

आज दहा वाजता कॉन्व्हेंटमध्ये बिशप येणार होते, सात वर्षांनी. झग्यांना कांजी कडक हवी म्हणून मदरनी पाचदा निरोप धाडला होता. आणि शेवटच्या भजनाला साऱ्या सिस्टर दोन्ही हात वर करून गातात, हे त्याने खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं.

दोघे स्कूटरवर निघाले. कपडेपटवाला मागे गठ्ठा कवटाळून बसला. वाटेत त्याच्या दिग्दर्शकाचे चार फोन आले.

"काय सांगू त्यांना?"

"सांगा, येतायत."

"कुठून?"

"ते नका सांगू."

कॉन्व्हेंटच्या दारातल्या सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं. आज प्रार्थना संपेपर्यंत मौन होतं. तिने त्याच्यापुढे पाटी आणि खडू सरकवला.

लाँड्रीवाला पाटी घेऊन उभा राहिला. आयुष्यभर धुलाईच्या चिठ्ठ्या लिहिलेला माणूस, पण आता त्याला शब्द सुचेना. 'तुम्ही घातलेला झगा' असं लिहून त्याने घाईघाईने पुसलं. 'पाठीमागून' एवढंच लिहून तेही पुसलं.

"लिहा की काहीतरी," कपडेपटवाला कुजबुजला.

"बाईमाणसाला काय लिहू? त्यात देवाची."

अखेर त्याने लिहिलं, 'कृपया हात वर करू नका.'

सिस्टरने वाचलं. तिला काही उलगडेना. तिने दोन्ही हात वर करून 'म्हणजे काय?' अशी खूण केली.

टर्र.

आतला पांढरा सुती झगा मानेपासून टाचेपर्यंत होता, तेव्हा अब्रूला काही धक्का लागला नाही. पण सिस्टर लालबुंद झाली. एका हाताने पाठ आणि दुसऱ्याने पाटी धरून ती आत पळाली. तेवढ्यात फाटकातून बिशपांची गाडी आली. आता कपडे बदलायला वेळ नव्हता.

दोघे चॅपलच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाटी बाकांखालून हातोहात फिरत होती. सिस्टर एकेक करून कोपरं अंगाला घट्ट चिकटवत होत्या. भजन सुरू झालं आणि कुणाचाच हात हलला नाही. लाँड्रीवाल्याच्या जिवात जीव आला.

पण सर्वांत म्हाताऱ्या सिस्टरपर्यंत पाटी पोचली नव्हती. त्या पहिल्या रांगेत होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कानाने अधू. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात उंच केले.

टर्र.

बिशपांनी माइककडे पाहिलं. मदरनी त्या म्हाताऱ्या सिस्टरकडे पाहिलं. त्या एकट्याच हात वर करून, डोळे मिटून गात होत्या. मग मदरनीही हात वर केले. मागोमाग सगळ्यांनी. चॅपलभर आवाज झाला, आणि गाणं मात्र कुठेही थांबलं नाही. बिशपांनी माइकवर दोनदा टिचकी मारली.

प्रार्थना संपल्यावर मदरनी बोलावलं. लाँड्रीवाला मान खाली घालून गेला. बावीस वर्षांचं नाव मातीत मिळालं होतं, आणि त्याला खरोखर रडू येत होतं.

"मदर, चूक माझीच. खूण केली नाही मी. तुमचे झगे आणलेत, मी लगेच—"

"भाऊ, जरा इकडे या," मदर म्हणाल्या, आणि त्याला म्हाताऱ्या सिस्टरकडे घेऊन गेल्या. त्या बाकावर बसून आपली वाकडी झालेली बोटं चोळत होत्या.

"हाच का लाँड्रीवाला?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "अरे, सहा वर्षं झाली. रोज पहाटे कुणीतरी येऊन माझी अठरा बटणं लावतं. मी लहान मुलासारखी पाठ करून उभी राहते. आज मी माझी मी तयार झाले. सगळ्यांच्या आधी चॅपलमध्ये आले."



"ह्यांचे झगे ह्यांना देऊन टाका," मदर कपडेपटवाल्याकडे बघून म्हणाल्या. "पण आमच्या झग्यांना अशीच पट्टी लावून द्या. जरा घट्ट पकडणारी. आधी हिच्या झग्याला."

कपडेपटवाल्याचा फोन पुन्हा वाजला. "हो साहेब, झगे सापडले," तो म्हणाला. "नन्सनी घातलेत. नाही, आपल्या नव्हे. खऱ्या."

दुपारी बायको मशीनवर पट्ट्या शिवत होती. पहिला झगा हातावेगळा झाल्यावर लाँड्रीवाल्याने तो मागून घेतला, सुईत लाल दोरा ओवला आणि आतल्या शिवणीवर एक टाका घातला.

"आता का?" बायकोने विचारलं. "देवाच्या माणसांना खुणा करायच्या नव्हत्या ना?"

"बाकीच्या अकरांना नाहीच करणार," तो म्हणाला. "हा तेवढा त्या म्हाताऱ्या सिस्टरच्याच हातात गेला पाहिजे."