मंगळावरचे तीन घुमट

कोणीच काही बोलेना. कडेगावच्या सभागृहात चाळीस माणसं बसली होती आणि शांतता अशी अवघडलेली, की डोक्यावरचा पंखा स्वतःच्या आवाजाला लाजत होता. फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात प्रश्न होता : ‘मंगळावरच्या वसाहतीत सर्वांत आधी काय बांधाल?’

आमच्या विज्ञानकथाप्रेमी संमेलनाचं हे पहिलं वर्ष. सकाळी कार्यशाळा, दुपारी परिसंवाद, आणि दोन्हींचा शिल्पकार मी! निमंत्रणात मी लिहिलं होतं, ‘एक दिवस पृथ्वी मागे ठेवून या.’ त्या एका ओळीवर मी आठवडाभर खूश होतो.

परिसंवादाच्या वक्त्या आम्रपाली मॅडम पाटणहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात आणि विज्ञानकथा अशा लिहितात, की वाचल्यावर मला माझ्या कविता लपवाव्याशा वाटतात. त्यांची नवी कथा आमच्या संमेलनाच्या संग्रहाला हवी होती. ती मिळाली नाही तर संग्रहात माझ्या कविताच उरणार होत्या, आणि तो धोका मंगळावरच्या किरणोत्सर्गाहून भयंकर होता! कथा त्यांच्या पिशवीत होती. फोनवर त्यांनी एकच अट घातली होती : “मला फक्त कथेबद्दल विचारा. आमच्या वस्तीबद्दल सगळेच विचारतात.” मी शब्द दिला होता.

“कमान!” औंधचे निवृत्त सुभेदार दादासो अखेर गरजले. “आदी कमान पायजे. त्याबिगर गाव हाय हे कळनार कसं?”

“आन् कारखाना?” ऊसवाले हरिबा उठले. “हवाच न्हाई म्हनताय, मग धुराची तक्रार कोन करतंय? लय झ्याक जागा हाय!”

शांतता फुटली ती फुटलीच. कॉलेजातली शिवांजली नकाशा काढू लागली. तासाभरात तक्ता भरला : कमान, देऊळ, तालीम, दूध डेअरी, सगळं काचेच्या घुमटांखाली, आणि टाकीपासून प्रत्येक घुमटाला प्राणवायूची निळी नळी. मी भारावलो! “माती लाल, पण स्वप्न हिरवं!” असं माइकवर उद्गारून मी या नकाशाला पहिलं बक्षीस जाहीर केलं आणि मॅडमना ते द्यायला बोलावलं.

त्यांनी चष्मा लावला. खालच्या कोपऱ्यात, ओढ्यापलीकडे, तीन छोटे घुमट होते. (मंगळावर वाहतं पाणी नाही, ओढा मात्र काढलेला!) ते मी पाहिले नव्हते. खरं सांगायचं तर पाहिले होते, खटकले नव्हते.

“हे तीन इतके लांब का?”

“ती व्हय? ती वस्ती,” दादासो प्रेमाने म्हणाले. “आमी कुनालाच इसरलो न्हाई, मॅडम!”

“नळी तिथपर्यंत गेलेली नाही. श्वास कसा घेतील?”

“दुसऱ्या टप्प्यात मंजूर हाय!” हरिबा म्हणाले. हशा पिकला.

मॅडम हसल्या नाहीत. मी दुरुस्तीला धावलो. भेग दिसली की तीत पाय घालणं, ही माझी जन्मजात प्रतिभा!

“आत्ता हलवू! तिन्ही मध्यभागी घेऊ!”

“तितं देऊळ हाय,” दादासो म्हणाले.

“मग तालमीशेजारी?”

“त्या अंगाला आमची भावकी हाय की वो,” हरिबा माझ्या कानाशी पुटपुटले.

“बरं, कमानीपाशी!”

“कमानीच्या आत का बाहेर, सर?” शिवांजलीने पेन रोखून विचारलं.

ज्या ग्रहावर अजून एकही माणूस राहायला गेलेला नाही, तिथे पाच मिनिटांत तीन घरांना जागा उरली नाही! सगळे माझ्याकडे पाहू लागले. जी भाषा मी वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपलो, ती ऐन वेळी मला टाकून गेली. मी माइक मॅडमपुढे केला आणि म्हणालो, “या विषयावर तर मॅडमच अधिकाराने बोलू शकतील!”

वाक्य पूर्ण झालं, आणि मी काय बोललो ते मला ऐकू आलं.

मॅडमनी माइक घेतला नाही. शिवांजलीच्या हातातलं निळं पेन मागून घेतलं, टाकीपासून ओढा ओलांडून तिसऱ्या घुमटापर्यंत सरळ रेघ ओढली, टोपण नीट लावलं आणि पेन परत दिलं. मग पिशवी खांद्याला अडकवली.

“मॅडम, परिसंवाद दोनला आहे... आणि कथा?” मी विचारलं. माइक चालूच होता. प्रश्न बाहेर आमटी ढवळणाऱ्या आचाऱ्यांपर्यंत गेला.

त्यांनी दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या, घातल्या, आणि त्या एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागल्या.