पाठीवरचं पाणी

पगारे भाऊजींसमोर कुठलीही वस्तू ठेवा. ते आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "हे फेल कसं होईल?" केवढ्याला घेतली, कुठून आणली, हे प्रश्न तुम्हाआम्हाला पडतात. भाऊजींना तेवढा एकच पडतो. माझ्या लेकीच्या साखरपुड्यातही त्यांनी तो खणखणीत आवाजात विचारला. ते बघत होते झोपाळ्याच्या कड्यांकडे, पण झोपाळ्यावर बसला होता माझा होणारा जावई. विहीणबाईंचं तोंड जे उतरलं ते जेवणं होईपर्यंत उतरलेलंच होतं.

नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. माल तपासायचा, चांगला असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल लेबल लावून बाजूला काढायचा. सख्ख्या मेहुण्याच्या वर्कशॉपचा माल त्यांनी एकदा परत पाठवला, तेव्हा पुढे दोन वर्षं सासुरवाडीत त्यांना कोणी धड चहा विचारला नाही. पण माणूस हलला नाही. खोटं पास करणार नाही आणि खोटं फेलही करणार नाही, हा त्यांचा बाणा.

रिटायर झाले, कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. लाल लेबल गेलं, आता तोंडानेच "रिजेक्ट!" म्हणतात. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये त्यांनी आजवर पाय ठेवलेला नाही. गॅसची नळी साबणाच्या पाण्याने तपासतात, स्वतःच्या घरची आणि न विचारता माझ्याही घरची, कारण मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते. सुरुवातीला मी हसायचे. पण भाऊजींची भीती सर्दीसारखी लागते. त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून घरात यावं, तर कुकर, गिझर, पंखा, सगळे आपल्यावर टपून बसलेत असं वाटायला लागतं. परवा मी आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले. गिझर नुसता कुरकुरला होता.

आणि अशा माणसाच्या बायकोने, पन्नाशी उलटल्यावर, डोंगरात सायकल चालवायला घेतली.

ही बायको म्हणजे सुनंदा, माझी मैत्रीण. तिचा मुलगा नोकरीला बंगलोरला गेला आणि त्याची जाड टायरांची सायकल गॅलरीत ठेवून गेला. ही आधी ती नुसती पुसायची. मग हवा भरायला लागली. मग एक दिवस खाली घेऊन गेली ती गंगापूर धरणापर्यंत जाऊन आली. पुढे बायकांचा एक ग्रुपच भेटला तिला. या बायका चांगला डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, दगडधोंड्यांवरून सायकली हाणतात आणि वर फोटो काढतात. पडतात का? पडतात ना! सुनंदा तर गुडघ्याचं खरचटलेलं मला कौतुकाने दाखवायची. मी म्हणायचे, "बाई गं, तुला कुठली दुर्बुद्धी झाली?" ती म्हणायची, "उतारावर वारा लागतो ना, तेव्हा मला काही म्हणजे काही आठवत नाही."

भाऊजी जाऊ नको म्हणायचे नाहीत, जा म्हणायचे नाहीत. एका रविवारी मात्र सुनंदा न्याहारीला परत यायची ती दुपार होत आली तरी आली नाही. फोन लागेना. मी भाजी घ्यायला खाली उतरले तर भाऊजी गेटपाशी स्कूटरवर बसलेले. हेल्मेट डोक्यात, बक्कल लावलेलं, किल्ली हातात, आणि स्कूटर काही सुरू करीनात.

"कुठे निघालात भाऊजी?"

"तेच कळत नाही वहिनी. ती कुठल्या डोंगरात आहे तेच मला माहीत नाही. कुठे जाऊ मी?"

मीही भाजी विसरून तिथेच उभी राहिले. हिच्यावर बिबट्याने झडप घातली असेल इथपर्यंत मी मनातल्या मनात पोचले होते, तेवढ्यात बाई पेरू खात हजर. पंक्चर झालं म्हणे. भाऊजींनी हेल्मेट काढलं आणि एवढंच म्हणाले, "चहा ठेवतो."

तर मार्चच्या सुरुवातीला ग्रुपने दोन दिवसांचा बेत काढला. अंजनेरीच्या पायथ्यापासून आत शिरायचं, डोंगराडोंगरांतून हरसूलच्या बाजूला निघायचं, एका गावच्या शाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. ऊन वाढलेलं, वाटेत टपरीसुद्धा नाही, आणि त्या खडकाळ वाटेवर हॅन्डल सोडून बाटली उचलायची सोय नाही. म्हणून ग्रुपच्या मुख्य ताईंचा नियम होता, पाण्याची बॅग पाठीवर असेल तरच यायचं. बॅग म्हणजे दप्तरासारखीच, पण आत पाण्याची रबरी पिशवी, आणि तिची नळी खांद्यावरून तोंडापाशी येते. चालवता चालवता नळी चावायची की पाणी येतं.

सुनंदा नवऱ्याला म्हणाली, "बॅग तेवढी तुम्ही निवडा. तपासण्यात तुमचा हात कोण धरणार? बॅग आली की मी नाव देते."

आता भाऊजींचा ओटीपी या प्रकारावर विश्वास नाही, त्यामुळे मागवायचं माझ्या फोनवरून आणि परत करायचं तेही माझ्याच.

पहिली बॅग आली तीन लिटरची. भाऊजी म्हणाले, "तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो. उतारावर हेच वजन तिला पुढे ढकलणार. रिजेक्ट!" दुसरी आली दीड लिटरची. "पाणी मध्येच संपलं तर? रिजेक्ट!" तिसरी दोन लिटरची, देखणी, पाठीला हवा लागायला जाळी, पंक्चरच्या सामानाला कप्पा. छातीवरच्या पट्ट्याला शिट्टीसुद्धा होती. म्हटलं, आता बोला.

"शिट्टी कशाला?"

"संकटात वाजवायला."

"म्हणजे बिबट्याला कळायला, बाई कुठे आहे ते."

"मग नका वाजवू!"

"मग दिली कशाला त्यांनी?" कपाळ माझं!

त्याच बॅगेचा छातीवरचं बक्कल पडल्यावर हाताने सुटतं का, हे बघायला त्यांनी ती पाणी भरून स्वतःच्या पाठीवर चढवली आणि दिवाणावरून खाली टाकलेल्या गादीवर पाठ करून पडले. पडले ते पडलेच. हातपाय वर, नळी नाकात, उठता येईना. सुनंदा आणि मी दोघी हसून हसून मटकन खाली बसलो, आणि ते गादीवरून गंभीरपणे सांगत होते, "बघितलंत? माणूस एकटा असता तर?" हसता हसता माझं हसू तिथेच आटलं. खरंच, ती एकटी दरीकाठाला अशी पडली तर?

चौथी बॅग मात्र सर्वगुणसंपन्न निघाली. शिट्टी नाही, बक्कल एका बोटाने सुटणारं, पिशवीला प्लास्टिकचा वास नाही. तिची गळतीची टेस्ट लागली. पाणी भरून गॅलरीतल्या कपड्याच्या दोरीला टांगायची, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, आणि कागद ओला झाला की नाही ते बघायचं. संध्याकाळी भाऊजींनी माझ्या दारात येऊन निकाल सांगितला, "गळते. रिजेक्ट." मी परत केली. पाचवी मागवली. तीही गळाली. ताईंना नाव द्यायची मुदत संपत आली होती. सुनंदा आता संध्याकाळी सायकल पुसेनाशी झाली होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

सहावी दोरीला टांगली त्या दुपारी मी दह्याचं विरजण मागायला गेले. सुनंदा बाहेर गेलेली. दार उघडंच होतं. गॅलरीत भाऊजी माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसलेले. बॅग बाहेरून कोरडी ठणठणीत, खालचा कागद कोरडा. त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या. त्यांनी तांब्यात बोटं बुडवली आणि कागदावर शिंपडली. मग बोटाने डाग जरा पसरवला.

"भाऊजी!"

तांब्या कलंडला. सगळा कागद भिजला.

मी असली भडकले! म्हटलं, "मेहुण्याला सोडलं नाहीत तुम्ही, आणि आता हे? माझ्या नावावर खोटा माल परत करताय? साधं सांगा ना तिला, जाऊ नको म्हणून!"

ते उठले नाहीत. ओला कागद गोळा करत बसले. "सांगितलं तर ती नाही जायची," म्हणाले. "तशीच आहे ती. आणि ती गेली नाही, घरात बसून राहिली, तर ते मला सोसायचं नाही वहिनी. आणि गेली तरी... मला फार भीती वाटते हो. घास उतरत नाही."

माझा राग निम्मा गेला. तरी उरलेल्या अर्ध्यात मी बोलून गेले, "आणि तुमचा हा बेत फेल कसा होईल ते बघितलंत का? तुमची बॅग येईना म्हणून ती कोणाची तरी जुनी, फाटकी बॅग मागून गेली तर? भर उन्हात डोंगरात पाणी गळून गेलं तर?"

एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आलीच नव्हती. त्यांनी बॅग दोरीवरून काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. बॅग पास झाली ती अशी, भीतीपोटीच.

दुसऱ्या दिवशी सुनंदा ती पाठीला लावून मला दाखवायला आली. मी तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्यासारखीला किती जड गेलं असेल विचारा! पण तीच म्हणाली, "एका माणसाच्या नशिबी लागोपाठ दोन गळक्या बॅगा येत नसतात गं. कळलं होतं मला."

"मग गप्प का बसलीस?"

"म्हटलं, घेऊ दे ह्यांना वेळ." ती माझ्या ओट्याला टेकली. "लग्न झालं तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. वर पत्रा, मागे ओसाड रान. हे रात्रीच्या थर्ड शिफ्टला गेले की मी दाराला पाटा लावायचे आणि वरवंटा उशाशी घ्यायचे. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की वाटायचं, ह्यांनाच काहीतरी झालं. सकाळी बसमधून उतरताना दिसेपर्यंत जिवात जीव नसायचा. वर्षानुवर्षं. वस्तूंना घाबरणं वेगळं आणि माणसासाठी घाबरणं वेगळं. ते ह्यांना आत्ता आत्ता कळायला लागलंय."

"त्यांना सांगितलं नाहीस कधी?"

"त्यांनी विचारलं नाही कधी," ती म्हणाली आणि नळी चावून पाणी प्यायली.

शनिवारी पहाटे ती बुद्धाच्या तसबिरीपुढे त्रिशरण म्हणून निघाली. भाऊजींनी टायर दाबून बघितले, ब्रेक दाबून बघितले, पिशवीचं झाकण फिरवून बघितलं आणि बघण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा हात मागे घेतला.

दिवसभर फोन लागला नाही. तिकडे रेंजच नाही. संध्याकाळी मी भाकरी आणि शेवभाजी घेऊन गेले तर घरातले सगळे दिवे लागलेले, आणि भाऊजी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले.

"वहिनी, या घरात आवाज किती येतात हो! तो कसला?"

"वरच्या टाकीचं पाणी पाइपातून उतरतंय. नेहमीच येतो."

"मला वाटलं कोणी आलं." जरा थांबून म्हणाले, "मी या घरात कधी एकटा राहिलेलोच नाही. घर सोडून जाणारा मीच असायचो."

ताट तसंच झाकून ठेवलं त्यांनी. त्या रात्री मीही धड झोपले नाही. काय सांगू, सगळ्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघंच असे घाबरट, आणि नेमके समोरासमोर राहतो.

रविवारी उन्हं कलता कलता सुनंदा आली. धुळीने लाल झालेली, ओठ फुटलेले, एका कोपराला रुमाल बांधलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला तिचा हेवाच वाटला. भाऊजी कधीपासून गेटपाशी उभे होते. मी धावत खाली गेले. मला वाटलं, आता बक्कल तपासतील, कोपर बघतील, पाणी किती उरलं विचारतील. त्यांनी नुसती सायकल तिच्या हातातून घेतली.

"सुनंदा," ते म्हणाले, "मी थर्ड शिफ्टला असायचो, तेव्हा तुला भीती वाटायची का गं?"

ती हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. हात तिथेच थांबला. डोळे भरून आले तिचे.

"रोज," ती म्हणाली.

आणि जिना चढायला लागली. मी भाऊजींना म्हटलं, "चला वर, चहा टाकते तिघांचा."

"तुम्ही व्हा पुढे वहिनी," ते म्हणाले. "मी येतो." आणि सायकल धरून, तोंड भिंतीकडे फिरवून, तिथेच उभे राहिले.