चॅन्सलरची जाळी आणि सानिकाचं लग्न

"अख्ख्या ल्यूकन उपनगरात माझ्याइतकं तल्लख डोकं दुसरं नाही," गिरीशमामा म्हणाले, आणि हे ते विनयानं बोलत होते. मनात त्यांच्या पूर्ण आयर्लंड होतं. सोमवार ते शुक्रवार ते डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत. शनिवार-रविवारी गुप्तहेर. आजवरचं एकमेव यश म्हणजे शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर, जे आपलं आपणच घरी आलं.

त्यांची भाची सानिका मात्र खरोखर घाबरली होती. तीन आठवड्यांनी स्लायगोच्या चर्चमध्ये तिचं कॉनरशी लग्न होतं. पुण्याहून आईबाबांची तिकिटं निघालेली. आणि काल बिशपच्या कार्यालयातून पत्र आलं: 'डिस्पॅरिटी ऑफ कल्ट'ची तुमची केस चॅन्सलरसमोर ठेवण्यात आली, डिस्पेन्सेशन दिलं आहे. खाली लाल शिक्का. त्यातलं काही न कळून ते घेऊन ती मामांकडे आली, ही तिची चूक.

मामांनी पत्र चिमट्यानं उचलून फ्रीझरच्या पिशवीत घातलं.

"कॉनरला फोन केलास?"

"अजून नाही."

"करू नकोस. संशयित सावध होतो."

मग तर्क सुरू झाले. "चॅन्सलर म्हणजे कुलपती. तुझी डिग्री गेली."

"मामा, पत्र बिशपकडून आलंय."

"मग कोर्ट. इंग्रजांच्या काळात इथे लॉर्ड चॅन्सलर होता. राज्याचा शिक्का त्याच्या ताब्यात, वर मोठा न्यायाधीश."

"ते पद जाऊन शंभर वर्षं झाली," वृंदामामी प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, वाट्या काढताना म्हणाली.

"पद जातं, वृंदा. वृत्ती राहते. बरं, कल्ट म्हणजे गुप्त पंथ. सानिका, तू कुठल्या पंथात आहेस?"

"मी गणपतीला नमस्कार करते."

मामांनी ते वहीत टिपून घेतलं. मग मोबाईलवर काहीतरी वाचून ते गंभीर झाले. "मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाळी. रोमन कोर्टात जाळीपाशी उभा राहणारा तो चॅन्सलर. आणि कॅन्सल हा शब्दही त्याच जाळीतून आला. मजकुरावर जाळीसारख्या रेघा मारायच्या, की रद्द." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "लग्न कॅन्सल, पोरी."

शब्दाचा अर्थ अगदी बरोबर होता. सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामीनं हात पुसले, पिशवीतून पत्र काढलं आणि वर छापलेल्या नंबरवर फोन लावला. दोन मिनिटं ती नुसतं आयरिश लोकांसारखं "येस, येस, ग्रँड" म्हणत होती.

"चॅन्सलर म्हणजे तिथली कागदपत्रं सांभाळणारे फादर," फोन ठेवून ती म्हणाली. "कल्टची भानगड म्हणजे दोघांचे धर्म वेगळे. आणि डिस्पेन्सेशन म्हणजे परवानगी. मिळाली आहे. त्यांनी अभिनंदनही केलंय."

सानिका जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडता रडता हसू लागली.

मामांनी वही मिटली. "मला पहिल्यापासून संशय होताच."

"कसला?" मामीनं विचारलं.

"लग्न होणार याचा."