जोखमीचा माणूस

मोठ्या गोठ्यावर चारा कापणाऱ्या नानांचं एक बोट यंत्रात गेलं आणि सुरक्षा खात्याने या घटनेची गंभीर दखल घेतली. यंत्राच्या तोंडावरची जाळी मालकांनी कधीच काढून ठेवली होती. जाळी असली की चारा अडतो. नसली की फक्त बोटं अडतात.

चौकशीला साहेब आले. बूट भरू नयेत म्हणून ते दारातच थांबले. यंत्र त्यांनी तिथूनच पाहिलं. नानांना मात्र जवळ बोलावून पाहिलं.

"वय?"

"साठीला टेकलो, साहेब."

"ऐकू येतं ना नीट?"

"काय म्हणालात?"

साहेबांनी मान डोलावली. "थकवा येतो?"

"येतो की. दुसरा माणूस देत नाहीत मालक."

"याआधी कधी इजा?"

"गाईनं लाथ घातली होती. बरगडी मोडली."

साहेबांचा चेहरा उजळला. वय, बहिरेपणा, थकवा, पूर्वीची इजा. सगळे जोखीम-घटक एकाच देहात गुण्यागोविंदाने नांदत होते.

नानांच्या बायकोला राहवलं नाही. "साहेब, त्या यंत्राला तेवढी जाळी बसवायला सांगा ना."

"बाई, यंत्राला आजवर एकदाही इजा झालेली नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

इतका धोकादायक माणूस आपण इतकी वर्षं यंत्राजवळ उभा केला, या विचाराने मालक हादरले. सुरक्षेखातर नानांना त्याच दिवशी घरी बसवलं. त्यांच्या जागी शाबूत माणूस हवं होतं. नानांची बायको वयाने लहान, कानाने तिखट, दाही बोटं जागच्या जागी. चूल पेटायची तर तिला नाही म्हणायची सोय नव्हती.

नाना रोज तिच्याबरोबर जात आणि तिच्या हातांवर डोळे लावून उभे राहत.

"अहो, घरी जा. तुम्ही असे बघता ना, माझे हात कापतात."

नाना हलले नाहीत. तेव्हा 'लक्ष विचलित करणारा नातेवाईक' हा नवा घटक आढळून आला आणि नानांना फाटकाबाहेर काढण्यात आलं. तिथे ते चांगला कान गोठ्याकडे करून उभे राहू लागले. यंत्राची घरघर चालू असली की त्यांचाही श्वास चालू असे.

एका सकाळी घरघर अडखळली आणि थांबली. नानांनी फाटक गदागदा हलवलं. बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली, हाताला फडकं गुंडाळून. फडकं लाल झालं होतं.

"आता मीही जोखमीची," ती म्हणाली.

मागे घरघर पुन्हा सुरू झाली होती. दुसरं शाबूत माणूस मिळालं होतं.

त्या दिवशीही दूध आपल्या दाराशी वेळेवर आलं. जरा उशीर झाला असता, तर आपण नक्कीच चौकशी केली असती.