चंद्री म्हशीचे विहिरीतून व्यासपीठी गमन

श्रीगजाननास वंदन, आणि त्याचे मूषकासही वंदन, कारण भार वाहणारास कोणी वंदीत नाही. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, वैशाख मासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते यथामति लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही, कारण तेथील मंडळी अद्याप आम्हांस सत्कारास बोलावितात.

त्या राज्यात साठ सेवेकरी होते. आग लागली तर विझवावी, ओढा तुंबला तर मोकळा करावा, जत्रेत पोर हरवले तर घरी पोचवावे, आणि मग मुकाट्याने भाकरीस जावे, ऐसी त्यांची चाल. हे प्रधान विसाजीपंतांचे दृष्टीस पडले आणि त्यांस बहुत वाईट वाटले की इतकी माणसे खपतात आणि त्यांत पुढारी एकही नाही. मग त्यांणी शिबिर मांडिले आणि सेवेकऱ्यांस नेतृत्व शिकविले: हात कमरेवर कैसे ठेवावे, प्रास्ताविक कैसे लांबवावे, दुसऱ्याचे काम आपले मार्गदर्शनाखाली जाहले हे कोणत्या स्वरात सांगावे, आणि मुख्य म्हणजे प्रमुख पाहुण्यांवाचून कोणतेही कार्य आरंभू नये. साठही उत्तीर्ण जाहले, साठांसही फेटे बांधिले, आणि मागे चालावयास राज्यात कोणी उरला नाही.

ऐसीयास एके सकाळी भिवराई गवळण इची चंद्री नामे म्हैस विहिरीत पडली. बाईचे घरी मिळवती तीच एक. बाई ओरडत आली आणि साठही फेटे तत्काळ धावले, येवढे खरे म्हटले पाहिजे. रायाजी पोहणारा जुन्या सवयीने विहिरीत उतरला, म्हशीस दोर बांधोन वर आला, आणि मग फेटा आठवोन कमरेवर हात ठेवोन उभा राहिला. दोर धरावयास कोणी वाकेना, कारण प्रमुख पाहुणे ठरले नव्हते. एकाने नाव सुचविले, दुसऱ्याने अनुमोदन दिले, तिसरा रुसला, आणि मग रुसलेल्यांची समजूत काढावयास समिती नेमिली. भिवराईने एकेकाचे पाय धरिले आणि प्रत्येकाने तीस मार्गदर्शन केले. खाली चंद्री दमली, नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर राहिल्या. आमचा जीव तुटत होता. मग भिवराईने पदराने डोळे पुसले आणि बोलली,

"आरं बाबांनो, पाव्हणा कशापायी धुंडता? माजी चंद्रीच आजची परमुख पाव्हणी. पाव्हणी खाली ताटकळली अन् तुमी वर हुबे, बरं दिसतं का हे?"

हे ऐकोन साठही शरमले. पाहुण्यांस आणावयास जाणे हा मोठाच मान, तो कोणी सोडीना, म्हणोन सर्वांनी दोरास हात घातला, आणि एका दमात चंद्रीबाई काठावर आल्या. भिवराई तिचे गळा पडोन रडली आणि आम्हांसही भरोन आले. मग ती म्हशीस घरी नेऊ लागली, तो रायाजी अदबीने आडवा आला आणि बोलिला,

"मावशी, भाषणं झाल्याबिगर पाव्हण्यांला जाता येत न्हाई."

मग चंद्रीबाईंस व्यासपीठावर चढविले, शाल पांघरिली, हार घातला तो त्यांणी तेथेच सेवन केला, आणि प्रास्ताविकास आरंभ जाहला.

सारांश, म्हैस वाचली आणि नेतृत्व साठांसही पुरले. सांप्रत भाद्रपद लागला, प्रास्ताविक संपत आले आहे. भिवराई दोन वेळ चरवी घेऊन व्यासपीठावर चढते, भाषण न थांबविता धार काढिते आणि उतरते. त्या राज्यात सांप्रत काम म्हणोन होते ते इतुकेच.